केमोनंतर फक्त ‘विश्रांती घ्या’?

महोदय,
मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो आटोपल्यावर मला एवढंच सांगितलं गेलं: ‘पथ्य पाळा, विश्रांती घ्या.’ विश्रांती मी इतकी मनावर घेतली, की एक जिना चढताना धाप लागू लागली!

2025 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला अभ्यास वेगळंच सांगतो. केमो पूर्ण झालेल्या 889 रुग्णांपैकी निम्म्यांना आरोग्याची माहितीपत्रकं दिली. उरलेल्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम. आठ वर्षांनी पहिल्या गटातले सुमारे 83 टक्के, तर व्यायाम करणारे 90 टक्के हयात होते. व्यायाम म्हणजे काही पैलवानी नव्हे. आठवड्यातून तीन-चारदा पाऊण ते एक तास झपाझप चाललं तरी पुरे. स्नायू दुखावण्याच्या तक्रारी मात्र त्या गटात जास्त होत्या, म्हणून सुरुवात डॉक्टरांना विचारूनच.

धूम्रपान, मद्य, प्रक्रिया केलेलं मांस टाळा, हे सगळेच सांगतात. पण वाटेत शौचालय सापडेल का, या धास्तीने रुग्ण घराबाहेरच पडत नाही, त्याचं काय? यावर कुणी बोलत नाही. तपासणीच्या तारखेबरोबरच फिजिओथेरपिस्टची चिठ्ठीही का मिळू नये?
— एक वाचक