घागरीतली रिकामी जागा : एमिल रूडर सरांना पत्र

आदरणीय रूडर सर,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही स्वित्झर्लंडमधले अक्षरमांडणीचे शिक्षक. १९७० च्या मार्चमध्ये तिथल्या बाझल शहरात तुमचं निधन झालं, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरी तुम्हाला सर म्हणते, कारण पान कसं लावायचं हे मी तुमच्याकडून शिकले. आभार मानायचे राहूनच गेले होते.

मी पुण्यात मराठी पुस्तकांची मांडणी करते. माझं पहिलं काम एका आजोबांच्या आठवणींचं होतं. कागदाचा खर्च वाचावा म्हणून मी ओळी अगदी जवळ घेतल्या. छापलेली प्रत घेऊन त्यांच्याकडे गेले. ते ओळीखाली बोट ठेवून वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. वरच्या ओळीतल्या 'कृष्णा'चा ऋकार खालच्या 'मैत्री'च्या दोन मात्रांत घुसला होता. "हे काय लिहिलंय गं?" त्यांनी विचारलं. आठवणी त्यांच्या, हस्तलिखित त्यांचं, आणि वाचता येईना त्यांनाच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कपाटातून तुमचं 'टायपोग्राफी' हे अक्षरमांडणीच्या कलेवरचं पुस्तक काढून दिलं. १९६७ साली निघालेलं, जर्मन, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन भाषांतलं. लिहिलेला मजकूर वाचणाऱ्यापर्यंत पोचवणं हे या कलेचं पहिलं काम, त्यातून कोणत्याही सबबीनं सुटका नाही, आणि जे छापलेलं वाचता येत नाही ते छापण्यात अर्थ नाही, असं तुम्ही त्यात बजावलंत. मला ते थेट लागलं. कागदाचा खर्च ही माझी सबबच होती.

पण खरं शिकले ते आकार आणि त्याभोवतीची मोकळी जागा या प्रकरणातून. तिथे तुम्ही लाओत्सेचा दाखला देता. चाकाला तीस आरे असले तरी चाक चालतं ते मधल्या पोकळीमुळे. भांडं घडतं मातीचं, पण उपयोगी पडते ती आतली रिकामी जागा. अक्षराचंही तसंच, काळ्याइतकंच पांढरंही घडवावं लागतं. हे वाचून मी 'घागर' हाच शब्द पानभर मोठा छापून घेतला आणि पेन्सिलीनं फक्त पांढरे भाग रंगवत बसले. घ ची दांडी आणि पुढचा काना यांच्यामध्ये एक अरुंद बोळ. ग चा आकडा आणि दांडी यांच्यामधली फट, ती तर अक्षराच्या आतलीच, पण दिसते दोन अक्षरांमधल्या अंतरासारखी. र च्या डाव्या अंगाला भलंमोठं अंगण. रोज वाचतो ती लिपी मी अशी कधी पाहिलीच नव्हती. तुम्ही लिहिलंत ते रोमन अक्षरांबद्दल. वर मात्रा-वेलांट्या, मधे शिरोरेषा आणि खाली उकार अशा आमच्या लिपीला ते अधिकच लागू पडतं, असं माझं मत आहे.

तुमच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. पंधराव्या वर्षी तुम्ही खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला शिकू लागलात. १९४२ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, बाझलच्या व्यवसाय-शाळेत शिकवायला आलात आणि अखेरपर्यंत त्याच शाळेचे राहिलात. समोर बसणाऱ्यांत छापखान्यांतले उमेदवार होते, दिवसभर शिसं हाताळणारी पोरं. अक्षररचनाकार फ्रुटिगर यांचा युनिव्हर्स हा टाइप १९५७ मध्ये आला, बारीक-जाड अशा एकवीस रूपांचं एकच अक्षरकुटुंब. त्यातून काय काय साधतं हे तुम्ही त्या मुलांना करून पाहायला लावलंत. म्हणून 'स्विस शैली' म्हणजे डावीकडे सरळ रेषेत लावलेली साधी अक्षरं, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. तुम्ही शिकवलंत ते बघायला.

तुमच्याच शाळेत १९६४ साली वोल्फगांग वाइनगार्ट हे तरुण अक्षरमांडणीकार शिकायला आले आणि पुढे तिथेच शिकवताना त्यांनी तुमच्या शिस्तीला धडका दिल्या. मला तोही तुमचाच वारसा वाटतो. नियम इतके नीट मांडलेले होते म्हणून ते मोडतानाही काहीतरी सापडलं. आणि तुमचे सहकारी आर्मिन हॉफमन १९६५ मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकवून गेले. म्हणजे बाझलची वाट आमच्या शेजारापर्यंत तेव्हाच आली होती.

सर, त्या आठवणींची दुसरी आवृत्ती निघाली. प्रकाशकांकडे मी एक फॉर्म जास्तीचा मागून घेतला. सोळा पानं वाढली. चौदा पॉइंटांवर (पॉइंट हे छपाईतलं माप) कोंबलेल्या ओळींमधलं अंतर अठरावर नेलं, समास सोडला, आणि एकही उकार खालच्या मात्रेला शिवणार नाही याची ओळ न् ओळ तपासून खात्री केली. प्रत घेऊन पुन्हा आजोबांकडे गेले. त्यांनी बोट न ठेवता वाचायला घेतलं. मी समोर बसून त्यांचे डोळे बघत होते. तिसरी ओळ गेली, दहावी गेली, आणि त्यांनी पान उलटलं.

तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी,
पुणे