दिवाळीच्या पुरवणीत घरगुती खेळांना अर्धं पान द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की आपल्या पुरवणीत फराळाच्या पाककृती येतात, किल्ल्यांच्या स्पर्धा येतात, आकाशकंदील कसा करावा तेही येतं. पण घरात पाहुणे जमल्यावर दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांनी मिळून खेळायचं काय, यावर कधी काही वाचायला मिळत नाही. मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून हे पत्र.

आमचं घर सोलापुरात, भवानी पेठेत. थोरला मुलगा पुण्याला, धाकटा हैदराबादेत. धाकटी सून तेलुगू, तिचं माहेर इथलंच, पूर्व भागातलं. मुलगी दिली ती कर्नाटकात इंडीकडे, कन्नड बोलणाऱ्या घरात. भाऊबिजेला सगळे जमले की पाच वर्षांच्या नातीपासून ऐंशी उलटलेल्या माझ्या सासूबाईंपर्यंत सगळी वयं आणि तीन भाषा एका खोलीत असतात. सोलापुरात असं घर काही नवलाचं नाही. अशा घरासाठी खेळ घ्यायचा तर दुकानातल्या खोक्यावरचं चित्र बघून भागत नाही. आधी बसणारी माणसं डोळ्यांसमोर आणावीत. किती जण आहेत, सगळ्यांत लहान कोण, कुणाला दिसायला कमी, कुणाला कुठली भाषा येत नाही. आणि मग एकच बघावं: या खेळात कुणावर नुसतं बघत बसायची वेळ येणार आहे का?

‘व्यापार’चंच घ्या. मुलांना तो फार आवडतो, नोटा मोजायला मिळतात. पण ज्याचं दिवाळं आधी निघतं ते पोर उठतं, मोबाईल घेऊन कोपऱ्यात जातं आणि बाकीचे संध्याकाळपर्यंत खेळत राहतात. यात पोरांचा दोष नाही, त्या खेळाची घडणच तशी. त्याचं मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली पेटंट घेतलेल्या खेळात आहे. जमिनीचं भाडं एकाच मालकाकडे साठत गेलं की बाकीचे कसे नागवले जातात, हेच त्यांना त्यातून दाखवायचं होतं. म्हणून आमच्याकडे ‘व्यापार’ तासाभराचाच असतो. वेळ संपली की रोकड आणि मालमत्ता मोजायची, ज्याची जास्त तो जिंकला. झब्बूत याच्या उलट होतं. तिथे जो आधी सुटतो तो जिंकलेला असतो, खुशीत चकली खायला स्वयंपाकघरात जातो. त्यामुळे माणसं भरपूर असतील तेव्हा मी झब्बूच सुचवते.

पत्त्यांचा एक कॅट घरात असला की निम्मं काम झालं. तिघं असतील तर पाच-तीन-दोन, चौघं असतील तर मेंढीकोट. मेंढीकोटात दोन-दोन भिडू, तेरा-तेरा पानं आणि सगळी झुंज चार दश्श्यांसाठी. सहा जण असतील तर दुर्र्या काढून ठेवायच्या, प्रत्येकाला आठ पानं येतात. भिडू पाडताना म्हातारं माणूस आणि शाळकरी पोर एकत्र टाकावं, ही माझी आग्रहाची सूचना. आजीला पानाचा आकडा नीट दिसत नाही आणि नातवाला हुकूम कधी मारावा हे कळत नाही. दोघं मिळून छान खेळतात.

बदाम सात मात्र सगळ्यांचा. ज्याच्याकडे बदाम सत्ती तो उतरतो, पुढे प्रत्येक रंगाची सत्ती पडली की छक्की खाली, अठ्ठी वर. दिसायला सोपा, पण खरी गंमत अडवण्यात आहे. आमच्या सासूबाई इस्पिकची सत्ती हातात आली की दुसरी काही उतारी असेपर्यंत ती सोडत नाहीत. समोर नातू इस्पिकचे राजा-राणी धरून तळमळत असतो आणि त्या शांतपणे किलवरचं एकेक पान टाकत राहतात. नियमाप्रमाणे उतारी असली की खेळावंच लागतं, पण कुठलं पान खेळायचं ते आपल्या हातात. एवढी अक्कल त्या पोराला तिथे बसल्याबसल्या येते.

नवे खेळ आणूच नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. उनो उत्तम. रंग आणि आकडे ओळखता आले की झालं, भाषा लागत नाही, दहा जणांपर्यंत खेळता येतो. तो १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका न्हाव्याने काढला, तोही घरच्यांबरोबर खेळण्यासाठी. त्यात ‘अधिक दोन’वर ‘अधिक दोन’ टाकून पानं पुढच्याच्या गळ्यात मारता येतात की नाही, यावर घरोघर भांडणं होतात. कंपनीच्या नियमात ते चालत नाही. आपल्या घरात चालवायचं असेल तर पानं वाटण्याआधी ठरवावं. सीक्वेन्सही घेण्यासारखा: दोन कॅट, पट आणि चकत्या, सलग पाच जुळवायच्या. गट पाडून बारा जणांपर्यंत बसता येतं आणि पत्ते ओळखणाऱ्या आजोबांना तो पटकन समजतो. कटान हा १९९५ साली जर्मनीत निघालेला खेळ पुण्याच्या नातवंडांच्या फार आवडीचा, खेळ म्हणून सुंदरही, पण तो तीन-चार जणांचा. घरात बाराजण असताना तो मांडू नये. पाच वर्षांच्या पोरीसाठी सापशिडी हवीच. तिथे सगळं फाशावर असतं, त्यामुळे ती आजोबांना खरोखर हरवू शकते, कुणी मुद्दाम हरावं लागत नाही.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं तो खेळ. चल्लस-आठ. खडूने फरशीवर पाच बाय पाच घरं आखायची, चार बाजूंच्या मधल्या घरांत आणि मध्यभागी फुली. चार कवड्या. जितक्या उताण्या तितकं दान, चारही पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायचं. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. बांगडीचे तुकडे, चिंचोके, बटणं, काहीही चालतं. बाहेरून फेरी मारायची, वाटेत कुणाची तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरायचं नाही. फुलीवरच्या सोंगटीला कुणी हात लावत नाही.

मागच्या दिवाळीत आमच्या शहाबादी फरशीवर मी हा पट आखला, तशा इंडीच्या विहीणबाई पुढे सरकल्या. त्यांना मराठी फार बोलता येत नाही, एरवी पाहुण्यांसारख्या पलंगाच्या कडेला बसून असतात. त्यांच्याकडे हाच खेळ चौकाबारा. पूर्व भागातल्या विहीणबाई म्हणाल्या, आमचा अष्टा-चम्मा! पहिली सोंगटी बसवायला चार-आठच पडायला हवेत की कुठलंही दान चालतं, यावर दोघींचं कन्नड, तेलुगू आणि हातवारे मिळून जे सुरू झालं ते मुलं पट सोडून बघत राहिली. शेवटी एक डाव एकीच्या नियमाने, दुसरा दुसरीच्या. सगळा खर्च खडूच्या एका कांडीचा.

पैसे लावून खेळू नये, हेही स्पष्ट लिहिते. पैसे आले की लहानांना उठवावं लागतं आणि ज्याच्या खिशात कमी आहेत तो काहीतरी कारण काढून आपणहून उठतो. डाव लावायचाच असेल तर आपल्याकडे भुईमुगाच्या शेंगांना तोटा नाही. नाव-गाव-फळ-फूल खेळताना ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहू द्यावं, म्हणजे हैदराबादची नातवंडं मागे पडत नाहीत.

माझी विनंती दोन गोष्टींसाठी आहे. पहिली खेळ बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना. खोक्यातला नियमांचा कागद आमच्या हाती येतो तो बहुतेक इंग्रजीतच. ज्या आजीने तो खेळ मुलांना शिकवायचा तिलाच तो वाचता येत नाही. सोबत मराठीत एक पान घालणं फार खर्चाचं नसावं. दुसरी आपल्याला. यंदाच्या दिवाळी पुरवणीत अर्धं पान द्या आणि वाचकांकडून आपापल्या घरच्या खेळांचे नियम मागवा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळ्या घरांतून. चल्लस-आठाचे आमच्या घरचे नियम मी आकृतीसह या पत्राला जोडले आहेत. पुरवणी वसुबारसेच्या आधी निघाली तर बरं, कारण त्या दिवसापासून पाहुणे यायला लागतात आणि मग पेपर वाचायला सवड होत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
भवानी पेठ, सोलापूर