बाहेरच्या बाकावर बसू नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, पिल्लूला चित्रांच्या क्लासला सोडते आणि तासभर बाहेरच्या बाकावर मोबाइल बघत बसते. तेव्हापासून हे तुला लिहायचं मनात आहे.

आपल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी वारली चित्रांचा वर्ग भरतो. वयाची अट नाही. दुसरीतला एक मुलगा, बारावीची मुलगी, दवाखान्यातल्या दोघी नर्स, बाजार आटपून थेट येणारी मच्छीवाली मावशी आणि मी, सगळे एकाच सतरंजीवर. शिकवणाऱ्या ताई डहाणूकडच्या, स्वतः वारली समाजातल्या. तांदळाच्या पिठात पाणी आणि थोडा डिंक कालवायचा, बांबूच्या काडीचं टोक ठेचून मऊ करायचं आणि गेरू दिलेल्या कापडावर थेट काढायचं. खोडरबर नाही. ओघळ आला तर ताई म्हणतात, त्याचं झाड करा.

पहिल्यांदा तारपा नाच काढायला घेतला. मधे तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं लांब वाद्य, वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची गुंडाळत जाणारी रांग. आम्ही मोठी माणसं आधी जागा मोजत बसलो. शेजारच्या पोराने वाजवणाऱ्यापासून सुरुवात केली आणि रांग जाईल तिकडे जाऊ दिली. त्याचं बघून मीही मोजणं सोडलं. मोठ्यांच्याच वर्गात हे मला कोणी शिकवलं असतं असं वाटत नाही.

वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. चेहऱ्यावर नाक-डोळे नाहीत. वरचा त्रिकोण जरा कलला की माणूस धावतो, वाकतो, ओझं उचलतो. मनू, मी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. कसाऱ्याच्या घाटात वळण आलं की उभी माणसं कशी एकदम झुकतात, कडेवर मूल असलेली बाई आधी मूल सावरते आणि मग दांडा धरते, म्हातारा काठी दोन पायांत कशी रोवतो, हे सगळं डोळ्यांत साठलेलं होतं. एके रविवारी ते हातातून उतरलं. गच्च भरलेली एसटी. ताईंनी कापड उचलून सगळ्यांना दाखवलं आणि मला विचारलं, "काका, ही गाडी कुठल्या घाटात आहे?" गाडी घाटात आहे हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री आनंदाने झोप आली नाही. आपल्यात असं काही असेल हे मला या वयापर्यंत ठाऊक नव्हतं.

ताई लग्नाचा चौक, म्हणजे लग्नातलं देवीचं चौकोनी चित्र, मात्र वर्गात शिकवत नाहीत. तो लग्नघरी सवाशिणींनी भिंतीवर लिहायचा, त्यात पालघट देवी असते, तो त्यांच्या घरचा मान आहे. मला हे फार योग्य वाटतं. रोजच्या जगण्याची चित्रं त्या मोकळ्या मनाने शिकवतात. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी 1970 नंतर हीच वाट मोठी केली. तोवर हे बायकांचं, लग्नकार्यातलं काम. म्हसे यांनी कागदावर आणि कापडावर मासेमारीचं जाळं, शेतं, माणसांची धावपळ काढली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. जन्मभर जे पाहिलं तेच त्यांनी काढलं, म्हणून ते माझ्यासारख्याच्याही जवळचं वाटतं.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बी ग्रेड आली आणि तू रंगपेटी माळ्यावर टाकलीस. त्याआधी वहीच्या मागच्या पानांवर तू काढलेल्या आजीच्या हातांची चित्रं मी अजून जपून ठेवली आहेत. सुरकुत्यांसकट हात काढायची तू, आठवी-नववीत. ते परीक्षकांनी पाहिलेच नव्हते. इथे कोणी ग्रेड देत नाही. तुझ्या क्लासच्या बाईंना एकदा विचार, पालकांना मुलांसोबत बसू देतील का. नाहीच म्हणाल्या तर सोसायटीचा हॉल रविवारी सकाळी रिकामाच असतो. चार घरची पोरं आणि त्यांचे आजी-आजोबा सहज जमतील. फक्त पोरांना वेगळं आणि मोठ्यांना वेगळं बसवू नका.

दिवाळीच्या सुट्टीत दोघी या. ताईंशी बोलून ठेवलं आहे, सतरंजीवर जागा आहे. येताना एखादी जुनी सुती चादर आण. गेरू मी आणून ठेवतो.

तुझे,
बाबा