तक्रार पत्र : ‘बारा शब्दांत सर्व खाती परत’ हे आपले विधान चुकीचे आहे

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५
चिंचवड, पुणे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी (भारत),
ब्राउझर वॉलेट विभाग

विषय : बॅकअपविषयी दिशाभूल करणारा मजकूर आणि ग्राहक साहाय्य विभागाने दिलेला घातक सल्ला

महोदय,

गेली काही वर्षे मी क्रिप्टो चलनासाठी आपले ब्राउझर एक्स्टेन्शन वॉलेट (ब्राउझरला जोडायचे छोटे ॲप) वापरतो. त्याचा बॅकअप म्हणजे वॉलेट सुरू करताना मिळणारे बारा गुप्त शब्द. वॉलेट फुकट असले तरी त्यातल्या स्वॅपवर (एक टोकन देऊन दुसरे घेण्यावर) आपण दर वेळी शुल्क कापता आणि ते मी भरत आलो आहे. त्यामुळे ‘मोफत सेवेबद्दल कसली तक्रार’ हा मुद्दा कृपया उत्तरात आणू नये.

आयकर विवरणपत्राची मुदत यंदा १५ सप्टेंबरपर्यंत वाढली. गेल्या आर्थिक वर्षात आपल्याच स्वॅपमधून मी काही टोकन बदलले होते. भारतीय करकायद्यात असा बदल म्हणजे हस्तांतरण. नफ्यावर ३० टक्के कर, आणि तोटा झाला तर तो कशातच वळता करता येत नाही. म्हणून विवरणपत्रातल्या व्हीडीएच्या (आभासी डिजिटल मालमत्तेच्या) परिशिष्टासाठी तारीखवार व्यवहार काढायला ऑगस्टच्या सुरुवातीला वॉलेट उघडले. दोन्ही खात्यांत शिल्लक शून्य.

दोन्ही खात्यांचे पत्ते ईथरस्कॅनवर, म्हणजे इथेरियम साखळीवरचे व्यवहार कुणालाही दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकले तर सगळे ईथर (त्या साखळीचे चलन) जागच्या जागी. म्हणजे नाणी कुठे गेली नव्हती. ती वॉलेटमध्ये नसतातच, ती साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेन या सार्वजनिक नोंदवहीवर, असतात. आपले एक्स्टेन्शन नोडला (साखळीची प्रत ठेवणाऱ्या संगणकाला) विचारते आणि नोड सांगेल ते दाखवते. त्या दिवशी नोडकडून उत्तर येत नव्हते, एवढेच. पण उत्तर आले नाही तर ‘माहिती मिळू शकली नाही’ असे लिहावे की ‘० ईथर’? आपल्या पडद्यावर दुसरे होते. ज्याला ईथरस्कॅन माहीत नाही त्याने हे शून्य पाहून काय करावे?

मी हे सगळे, ईथरस्कॅनच्या छायाचित्रासह, आपल्या साहाय्य विभागाला कळवले. आलेले उत्तर जसेच्या तसे देतो : ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया एक्स्टेन्शन काढून पुन्हा बसवा आणि आपले १२ शब्द टाका. आपली सर्व खाती परत दिसतील.’ मी उलट टपाली विचारले की माझे दुसरे खाते इम्पोर्ट केलेले, म्हणजे दुसरीकडे तयार करून इथे जोडलेले, आहे, तेही परत येईल ना? पुन्हा तेच उत्तर आले, शब्दही न बदलता. आपल्या सेटिंगमधल्या बॅकअपच्या पानावरही हेच वाक्य आहे : ‘हे १२ शब्द जपा, सर्व खाती सुरक्षित.’

दुसऱ्या खात्याची प्रायव्हेट की (त्यातली नाणी हलवण्यासाठी लागणारी गुप्त संख्या) कागदावर लिहून कराडच्या बँकेतल्या लॉकरमध्ये ठेवलेली होती, म्हणूनच मी हा सल्ला पाळून पाहिला. एक्स्टेन्शन काढले, बसवले, बारा शब्द टाकले. पहिले खाते आले. दुसरे आले नाही, आणि येणारच नव्हते.

हे आपल्या कर्मचाऱ्यांना ठाऊक नाही असे दिसते, म्हणून ग्राहकाला लिहावे लागत आहे. बारा शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडले जातात. त्यांच्यापासून एक मूळ संख्या बनते आणि आपल्या वॉलेटमध्ये ‘नवीन खाते’ दाबून तयार केलेले प्रत्येक खाते त्या मुळातून ठरलेल्या क्रमाने निघते. ती खाती शब्द टाकले की कुठेही परत काढता येतात. माझे दुसरे खाते २०१८ सालचे, वेगळ्याच साधनात तयार केलेले. त्याची प्रायव्हेट की ६४ अक्षरांची आणि तिचा या बारा शब्दांशी काडीचा संबंध नाही. लॉकरमधला कागद सोडला तर ती फक्त माझ्या ब्राउझरमध्ये, पासवर्डने कुलूपबंद केलेल्या आपल्या साठ्यात होती. एक्स्टेन्शन काढले की तो साठा पुसला जातो. म्हणजे त्या संगणकावरची की नष्ट करण्याचा सल्ला आपल्या विभागाने मला लेखी दिला, तोही मी नेमका प्रश्न विचारल्यावर.

लॉकरमध्ये कागद नसता तर ते ईथर ईथरस्कॅनवर जन्मभर दिसत राहिले असते आणि एक पैसाही हलवता आला नसता. रक्कम किती ते मुद्दाम लिहीत नाही. तो आकडा आपल्या कार्यालयातल्या मेलपेटीत फिरू नये अशी इच्छा आहे.

कागद आणायला कराडला जावे लागले. मधे दुसरा शनिवार आला, बँक बंद, मग रविवार. तेवढे दिवस विवरणपत्राचे काम अडून राहिले, कारण स्वॅप याच खात्यातून झाले होते आणि कोणत्या व्यवहारात आपले शुल्क किती गेले हे आपण फक्त वॉलेटमध्ये दाखवता.

की परत टाकतानाचा प्रकारही नोंदवून ठेवा. बारा शब्दांत शेवटी पडताळणीचे काही बिट असतात, त्यामुळे एखादा शब्द चुकला तर वॉलेट बहुतेक वेळा हरकत घेते. प्रायव्हेट कीला अशी पडताळणी नसते. हाताने लिहिलेला ‘बी’ सहासारखा दिसला आणि तसाच टाइप झाला, तर आपले वॉलेट निमूटपणे कुठले तरी दुसरेच, रिकामे खाते उघडून देते आणि वर हिरव्या रंगात ‘खाते यशस्वीरीत्या जोडले’ असे अभिनंदन करते. मी कीखाली पत्ताही लिहून ठेवला होता, तो अक्षरागणिक ताडून पाहिला. आपल्या पडद्यावर ‘हाच तुमचा पत्ता आहे ना?’ एवढी एक ओळ असायला काय हरकत आहे?

या निमित्ताने आपली सुरुवातीची सगळी मांडणी नव्याने पाहण्यात आली. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवर (नाणी खरेदी-विक्रीच्या बाजारावर) सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाल्यापासून माझ्या ओळखीतल्या काही जणांनी नाणी एक्स्चेंजवरून काढून स्वतःच्या वॉलेटमध्ये आणली आहेत. माझे तिथे काही अडकले नव्हते, पण ही मंडळी घाबरून आपल्यासारख्यांच्या दारात आलेली आहेत आणि पडद्यावर जे लिहिले असेल ते खरे धरून चालतात. त्यांना आपण पहिल्याच पानावर पासवर्ड ठेवायला लावता आणि लगेच ‘तुमचे वॉलेट सुरक्षित आहे’ म्हणता. पासवर्डने फक्त त्या एका ब्राउझरमधला साठा बंद होतो. बारा शब्द ज्याच्या हाती पडतील त्याला तुमचा पासवर्ड लागतच नाही, हे मात्र कुठेच सांगितलेले नाही. शब्द लिहून घेण्याच्या पानावर ‘नंतर करू’ हे बटण मोठे आणि निळे, ‘आता लिहून घ्या’ हे करड्या रंगात खाली.

शेजारी ‘कॉपी करा’ची सोय. विंडोजमध्ये क्लिपबोर्ड हिस्टरी चालू असेल तर विंडोजची कळ आणि व्ही एकत्र दाबताच शेवटच्या २५ नोंदी समोर येतात, त्यात हे बारा शब्दही येतात. ऑफिसच्या सामाईक संगणकावर ते कोण वाचेल याचा विचार हे बटण ठेवणाऱ्याने केला होता का?

परत जोडण्याच्या पानावर बारा शब्द एकाच मोठ्या चौकटीत, उघडे टाइप करायचे. जून २०२२ मध्ये मेटामास्कसह काही एक्स्टेन्शन वॉलेटमधला एक दोष जाहीर झाला होता. शब्द पडद्यावर उघडे ठेवले की ब्राउझर, बंद पडलेली पाने परत आणण्याच्या सोयीपोटी, ते साध्या मजकुरात डिस्कवर साठवू शकत असे. त्याला तीन वर्षे झाली. आपली चौकट अजून तशीच आहे आणि आपला कर्मचारी मात्र कुठल्याही तक्रारीवर ‘शब्द पुन्हा टाका’ म्हणतो.

आपल्या मेलच्या तळाशी टेलिग्राम गटाचा दुवा असतो. तिथे प्रश्न टाकताच आपलेच बोधचिन्ह लावलेल्या दोघांनी मला खासगीत गाठून बारा शब्द मागितले. त्यांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर केली आहे. मला कुणी फसवू शकले नाही हे ठीक, पण हा दुवा मेलमध्ये आपणच देता.

माझ्या मागण्या अशा. बॅकअपच्या पानावरचे वाक्य ताबडतोब बदलावे आणि इम्पोर्ट केलेली खाती या शब्दांनी परत येत नाहीत हे तिथेच, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे. खात्यांच्या यादीत अशा खात्यांना ठळक खूण असावी; आज दोन्ही एकसारखी दिसतात. साहाय्य विभागाच्या ठरीव उत्तरातून ‘एक्स्टेन्शन काढून पुन्हा बसवा’ हा सल्ला काढावा, आणि द्यायचाच असेल तर आधी प्रत्येक खात्याची की वेगळी लिहून घेतली का, हे विचारणे बंधनकारक करावे. नोडने उत्तर दिले नाही तर शून्य दाखवू नये. कॉपीचे बटण काढावे. माझ्या स्वॅपवरील शुल्काचा तारीखवार तपशील मला पीडीएफमध्ये पाठवावा. कराडच्या प्रवासाचा खर्च मी मागत नाही, पण चुकीचा सल्ला दिल्याची लेखी कबुली मागतो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. उत्तर ई-मेलने चालेल, मात्र त्यावर उत्तर देणाऱ्याचे नाव आणि हुद्दा असावा.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व नोंदणीकृत ई-मेल स्वतंत्र पाकिटात)

सोबत :
साहाय्य विभागाची दोन्ही उत्तरे, शून्य शिल्लक दाखवणाऱ्या पडद्याचे छायाचित्र, त्याच वेळचे ईथरस्कॅनचे छायाचित्र, बॅकअपच्या पानाचे छायाचित्र. बारा शब्द किंवा प्रायव्हेट की सोबत जोडलेली नाही. ‘पडताळणीसाठी’ म्हणून मागू नये.