जुने प्लग हातात द्या, नंबर बिलावर लिहा

संपादक महोदय,

मे महिन्यात लेकीला आणि नातवाला घेऊन वैभववाडीहून कोल्हापूरला येत होतो. करूळ घाट निम्मा चढलो आणि गाडीनं दम सोडला. आधी चढावर टकटक आवाज, मग मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकून इंजिन अडखळायला लागलं. एसी बंद केला आणि दुसऱ्या गिअरवर रांगत कसाबसा गगनबावड्याला पोहोचलो. माझी गाडी पेट्रोल-सीएनजी आहे. अडीच महिन्यांपूर्वीच शहरातल्या एका गॅरेजात तिचे चारही स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी टाकणारे प्लग, बदलले होते. बिलावर एवढंच होतं, 'प्लग सेट – १'.

गगनबावड्याच्या पोरसवदा फिटरनं आधी अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून, म्हणजे प्लग बसतो त्या वरच्या भागातून, गरम असताना प्लग काढला तर तो आटे घेऊनच बाहेर येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला असा हात बघून बरं वाटतं. मग एकेक प्लग काढून त्यानं फडक्यावर मांडला. प्लग ठीक असेल तर आतल्या चिनी मातीचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी असतो. कोरडी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त जातंय. तेलकट ओल असेल तर इंजिन ऑइल वर चढतंय. आमचे चारही प्लग चुन्यासारखे पांढरेफटक होते. तिसऱ्याच्या टोकावर तर वितळून गोठलेले बारीक मणी होते आणि वरच्या इलेक्ट्रोडची कड झिजलेल्या साबणासारखी गोल झाली होती. अडीच महिन्यांत!

पोरानं नंबर वाचला आणि म्हणाला, "काका, हे तुमच्या गाडीचे नाहीत." गाडीच्या पुस्तकाप्रमाणे बॉश कंपनीचा सातचा प्लग हवा होता. बसवला होता बॉशचाच, पण नऊचा.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात विचारलं. उत्तर मिळालं, "गॅसला इंजिन तापतं, म्हणून थंड प्लग टाकला, मोठ्या नंबरचा." हेतू चांगला होता, पण नंबर उलटा वाचला. एनजीके आणि डेन्सोमध्ये नंबर वाढेल तसा प्लग थंड होत जातो. बॉशमध्ये नंबर वाढला की प्लग गरम होतो. थंड म्हणजे आतल्या चिनी मातीचं नाक आखूड, उष्णता पटकन हेडमध्ये जाते. गरम म्हणजे नाक लांब, उष्णता टोकाशी साचते. टोक साधारण ५०० अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. पण ते ८५०च्याही वर गेलं की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं. घाटातली टकटक त्याचीच होती. तसंच आणखी ओढलं असतं तर पिस्टनला भोक पडलं असतं.

आपल्या गावानं डिझेलवरची ऑइल इंजिनं घडवली. त्यात स्पार्क प्लगच नसतो. त्यामुळे असेल कदाचित, पण उद्यमनगरातले भलेभले कारागीरही प्लग म्हटलं की 'त्यात काय' म्हणून सोडून देतात. इंजिन ३००० आरपीएमला असेल तर एकेक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या टाकतो. त्यातल्या चुकलेल्या ठिणगीचं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग जाळतं.

आवळण्याचंही तेच. नवा वायसरवाला प्लग आधी पाना न लावता हातानं टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्यानं अर्धा फेरा किंवा थोडा जास्त. कचकचून आवळला तर आटे जातात. सैल राहिला तर उष्णता हेडमध्ये उतरतच नाही आणि योग्य नंबरचा प्लगसुद्धा भाजून निघतो. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, पुस्तकात दिली तेवढीच हवी, त्यातही गॅसवर, कारण तिथं ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. इरिडियमच्या प्लगवर तारेचा ब्रश मारणारेही मी पाहिलेत. त्याचं टोक सुईएवढं बारीक असतं. हात जोडून सांगतो, तसं करू नका.

कोल्हापुरातल्या गॅरेजवाल्या बांधवांना माझी विनंती आहे. बिलावर 'प्लग सेट' न लिहिता कंपनी आणि प्लगवरचा पूर्ण नंबर लिहा. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमानं गिऱ्हाइकाच्या हातात द्या. आणि गिऱ्हाइकांनी ते मागून घ्यावेत. मागायला लाजू नये, पैसे आपण मोजलेत. माझे चारही जळके प्लग मी १ ते ४ चिठ्ठ्या लावून डब्यात ठेवलेत. कुठल्या आयटीआयच्या मास्तरांना पोरांना दाखवायला हवे असतील, तर स्वतः नेऊन देईन.

– एक निवृत्त टर्नर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर