बंदुका खाली आल्या, झोप अजून आली नाही

संपादक महोदय,

नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती आणि त्याच्या ६० साथीदारांनी १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. तेव्हापासून आमच्या जिल्ह्याबद्दल जे छापून येतं त्यात लोहखनिज, रस्ते, पूल आणि पुनर्वसनाची रक्कम असते. ते यायलाच हवं. माझी सगळी नोकरी एटापल्ली-भामरागड भागात झाली. रस्ता नसणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगू नये. पण पोलिसांचा ‘खबऱ्या’ ठरवून नक्षलवाद्यांनी ज्यांना मारलं, त्यांची घरं या बातम्यांत कुठे दिसत नाहीत, म्हणून हे पत्र.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना रात्री दारातून नावाने हाक मारून बाहेर नेलं. सकाळी गावाबाहेर रस्त्यावर प्रेत, त्यावर पत्रक. याला आता बरीच वर्षं झाली. त्याची आई अजूनही अंधार पडल्यावर घरात कुणाला नावाने हाक मारू देत नाही. मोहफुलं पहाटे वेचावी लागतात, उशीर झाला की गुरं खाऊन टाकतात. ही बाई लख्ख उजाडल्याशिवाय झाडाखाली जात नाही, मग टोपली अर्धीच भरते. आरोग्य केंद्रात ती ‘छाती धडधडते, झोप नाही’ एवढंच सांगते. डॉक्टर बिचारे रक्त तपासतात, लोहाच्या गोळ्या देतात. बाहेर रांग लागलेली असते. नवरा कसा गेला, हे कुणी विचारत नाही आणि ती आपणहून सांगणार नाही. न बोलण्यावरच तर ती आजवर तगली. रात्री दलमला, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीला, भाकर दिली की दिवसा पोलिसांचे प्रश्न, आणि पोलिसांशी बोलताना दिसलं की रात्री दलमचे.

मनोविकारतज्ज्ञ याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, म्हणतात. तीच घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, तिची आठवण देणाऱ्या जागा आणि वेळा टाळणं, जरा आवाज झाला की दचकणं, आणि हे महिनोन्‌महिने सरत नाही. सशस्त्र संघर्षाच्या प्रदेशांत साधारण पाचातल्या एका माणसाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा अंदाज आहे. त्यात नैराश्य आणि चिंताही आले.

बाकीचे चार उभे राहतात, हेही खरं. या बाईची त्या वर्षीची धानाची रोवणी गावाने करून दिली. दिराने शेजारी घर बांधलं. मृताच्या नावाने दगड उभा करायची रीत मात्र फार उशिरा, भीत भीत पार पडली. पोरगा शिकला, कमावतो. तगण्याची ही ताकद मी जवळून पाहिली आहे. तिच्याकडे बोट दाखवून ‘आदिवासी मुळातच सोशीक असतात’ असं म्हणत हात झटकणारे साहेबही पाहिले आहेत. त्यांचा मला राग येतो.

वर्दीतल्या घरांचंही वेगळं नाही. १ मे २०१९ला जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा खासगी चालक गेला. नक्षलवाद्यांशी लढणाऱ्या सी-६० या पोलीस पथकातली पोरं बहुतेक इथलीच. कोवळ्या वयात दलममध्ये गेलेल्या आणि आता परत आलेल्या मुलींना रक्कम मिळेल, घर मिळेल. रात्री झोप लागते का, हे त्यांनाही कुणीतरी विचारायला हवं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून आहे. सोय चांगली. पण रेंजसाठी टेकडीवर चढायचं आणि चार लोकांत उभं राहून अनोळखी माणसाला मराठीत हे सांगायचं, हे या बाईकडून होणार नाही. तिला माडिया या तिच्या बोलीत बोलणारं, तिच्या घरी दोनदा-तीनदा येणारं, ऐकलेलं गावभर न करणारं माणूस लागेल.

आणि अशी माणसं तयार करणं आमच्या जिल्ह्याला नवं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू कसे घटले, ते १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात ती पद्धत आली. मनाच्या दुखण्यातही थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं उपयोगी पडतात, हे गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने दाखवून दिलं आहे. मग जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात दर उपकेंद्रामागे एक प्रशिक्षित माडियाभाषक बाई का नेमू नये? मात्र हे काम आशांच्या गळ्यात घालू नका, त्यांच्याकडे आधीच रजिस्टरांचा ढीग आहे. मानधन महिन्याच्या महिन्याला द्या. आणि तिच्या वहीतलं एकही पान पोलीस ठाण्यात जाणार नाही, असं लेखी द्या. त्याशिवाय कुणी तोंड उघडणार नाही.

माणसं कमी पडली तर निवृत्त शिक्षकांना विचारा. आम्हाला घरं माहीत आहेत, आणि सध्या वेळही आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, एटापल्ली (जि. गडचिरोली)