ऋणनिर्देशात तुमचं नाव नाही, दादा

दादा, सप्रेम नमस्कार.

प्रोजेक्ट रिपोर्ट बाइंडिंग होऊन आला. सुरुवातीच्या पानांत ऋणनिर्देश आहे. त्याचा मसुदा आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच चालत आलाय, पोरांनी फक्त नावं भरायची. ‘अमूल्य मार्गदर्शन’ कुणाचं, ‘वेळोवेळी प्रोत्साहन’ कुणाचं, सगळं आधीच ठरलेलं. तुमच्यासाठी त्यात जागा नव्हती, आणि ‘माझं नावबिव टाकू नका’ असं तुम्हीही बजावलं होतं. नाव इथंही घेत नाही. पण लिहिल्याशिवाय चैन पडेना, आणि हे चारचौघांनी वाचावं असंही वाटतंय.

ज्यांचं नाव त्या पानावर सगळ्यात वर आहे, त्या मार्गदर्शकांनी माझा विषय (डेटा पुढं कसा पाठवायचा ते आपण प्रोग्राम लिहून ठरवायचं, असं नेटवर्क) ऐकून विचारलं होतं, ‘प्रोग्रामेबल नेटवर्क? हे लातूरात कामून? त्याचा स्विच तुमच्या वडिलांना परवडणाराय का?’ स्विच म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी, डेटा पुढं पाठवणारी पेटी. मग सुचवलं, हजेरीचं ॲप करा, मागच्या बॅचचं तयारच आहे. पुण्याच्या एका ऑनलाइन क्लासनं फी आधी घेतली, स्लाइड वाचून दाखवल्या आणि शंका विचारली की ‘ॲडव्हान्स्ड कोर्सला येईल ते’ म्हणून तोंडाला पानं पुसली. आमच्या गावात क्लासला तोटा नाही. सांगणाऱ्याला स्वतःला कळलंय का, हा प्रश्न मात्र विचारायचा नसतो.

तुम्ही भेटलात मावशीकडं, महालक्ष्म्यांच्या जेवणाला. ‘ह्ये बी कॉम्प्युटरमधलेच हायेत, हैद्राबादला’ असं म्हणून मावशीनं मला तुमच्या गळ्यात घातलं. वर फुलोऱ्याच्या करंज्या लोंबत होत्या, खाली मी लॅपटॉप उघडून बसले. पोटभर पुरणपोळी खाल्लेल्या माणसाला कुणी असं छळू नये. तुम्ही मात्र मांडी घालून बसलात आणि पी-फोरवर, म्हणजे स्विचनं काय करायचं ते लिहायच्या भाषेवर, एकदम न येता थेट १९९६ पासून सुरुवात केलीत. एमआयटीतल्या टेनेनहाउस आणि वेदरॉल यांनी मांडलेली कल्पना: पॅकेटमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या छोट्या गठ्ठ्यात, नुसता डेटा नको, छोटा प्रोग्रामही घाला आणि वाटेतल्या राउटरनं तो चालवावा. मी विचारलं, मग हे सगळीकडं का झालं नाही? तुम्ही स्वयंपाकघराकडं बोट दाखवून म्हणालात, ‘अनोळखी पाहुण्यानं येऊन मावशीच्या चुलीवर आपल्या मनानं फोडणी टाकली तर चालेल का?’ परक्या प्रोग्रामवर भरवसा कसा ठेवायचा हा सुरक्षेचा प्रश्न आणि तो चालवण्यात राउटर अडकून पडतो हा वेगाचा प्रश्न, दोन्ही मला त्या एका वाक्यात कळले. २००८ च्या ओपनफ्लोनं, म्हणजे स्विचला बाहेरून नियम देण्याच्या पद्धतीनं, अधिकार पॅकेटकडं न देता नेटवर्कच्या मालकाकडं दिला, पण हेडरमधली (पॅकेटच्या सुरुवातीला पत्ते वगैरे असतात त्या भागातली) कुठली फील्ड, म्हणजे रकाने, ओळखायची ते ठरलेलंच होतं. २०१४ च्या पी-फोरनं ती अडचणही काढली: हेडर कसं वाचायचं, कशाशी जुळवायचं, जुळलं तर काय करायचं, हे आपणच लिहायचं. एवढं मला कुणीच सरळ सांगितलं नव्हतं.

पण आभार त्याचे नाहीत. म्हणजे आहेतच, पण मनात घर करून राहिलंय ते वेगळं.

मिनिनेटमध्ये (लॅपटॉपच्या आतच खोटं नेटवर्क उभं करणारं सॉफ्टवेअर) माझं पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारं पॅकेट, जात होतं, पॅकेट बघायच्या टीसीपीडम्पमध्ये ते पलीकडच्या होस्टवर, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या कॉम्प्युटरवर, पोचलेलं दिसत होतं, आणि उत्तर काही येत नव्हतं. तुम्ही स्क्रीनकडं बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, ‘ताई, हे मला ठाऊक नाही. वाचून सांगतो.’

मी त्यावर काट मारली होती. आपल्याकडं ‘सांगतो’ म्हणजे काय ते लहानपणापासून माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मागं बसस्थानकावरचा पुकारा चालू होता, अंबाजोगाईची गाडी कुठल्या फलाटावर लागलीय ते मला तुमच्याआधी ऐकू आलं. तुम्ही ओरडूनच बोललात: ‘टीटीएल एकनं कमी होतोय ना? म्हणजे हेडर बदललं. आयपीव्ही-फोरच्या हेडरला चेकसम असतो, तो परत काढावा लागतो. नाहीतर होस्टचा कर्नल पॅकेट गुपचूप टाकून देतो, तक्रारसुद्धा करत नाही.’ टीटीएल म्हणजे पॅकेट अजून किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा, चेकसम म्हणजे हेडर बिघडलं नाही ना ते तपासायची बेरीज, आणि कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आणि पुढं, ‘मी रात्री करून बघितलं, चालतंय. पण तुम्ही तुमच्या हातानं करा.’ गाडी आली असावी, फोन कट झाला.

चेकसमचा तो भाग लिहिला आणि पिंगला उत्तर आलं. आई भाकरी थापत होती, माझं ओरडणं ऐकून तवा तसाच सोडून धावत आली.

इतकी वर्षं नेटवर्कमध्ये काढलेल्या माणसानं एका अनोळखी पोरीसमोर ‘मला ठाऊक नाही’ म्हणावं, आणि हैद्राबादची गाडी पकडायच्या आदल्या रात्री त्यासाठी जागावं. ज्यांना पगार माझ्या शंकांसाठी मिळतो त्यांनी हात वर केले. तुमचा माझा ना नात्याचा संबंध ना पैशाचा. भली माणसं अशी अधूनमधून भेटतात म्हणून बरं, नाहीतर मी आज हजेरीचं ॲप घेऊन उभी असते.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ‘स्विच कुठंय?’ मी लॅपटॉप दाखवला, चार होस्ट, तीन स्विच, सगळे आतच. ते खुर्ची ओढून जवळ बसले आणि पार्सरमधली, म्हणजे हेडर वाचणाऱ्या भागातली, एकेक ओळ वाचायला लावली. आमचे मार्गदर्शक तेवढ्यात चहा सांगायला बाहेर गेले.

आता पुढचं. इंटेलनं २०२३ मध्ये टोफिनो या पी-फोर चालवणाऱ्या स्विचच्या चिपच्या पुढच्या पिढ्यांवरचं काम थांबवलं, हे वाचलं. मग पी-फोर शिकलेल्यानं आता नेटवर्क कार्डांकडं वळावं का लिनक्सच्या कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवू देणाऱ्या ईबीपीएफकडं? सवडीनं कळवा. ठाऊक नसलं तर तसंच कळवा, मी थांबेन.

तुमची,
मावशीकडं लॅपटॉप घेऊन बसलेली